नर्सबाईंचा नाताळ

लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले, त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती. धाकट्या नणंदेला ताप आला म्हणून सासूबाईंनी मला शेजारच्या नर्सबाईंकडे थर्मामीटर आणायला पाठवलं. त्या आत कपाटात शोधत होत्या आणि मी दारात उभी राहून, नवी सून जशी बघते तशी चोरून, त्यांची खोली बघत होते. खोली लख्ख. स्टोव्हच्या वरच्या फळीवर पितळेच्या ताटल्या ओळीनं उभ्या केलेल्या, घासून चकचकीत. प्रत्येकीवर नाव कोरलेलं, पण एकही नाव त्यांचं नव्हतं. सौ. द्वारका सावंत, सौ. गंगू परब, आणि चक्क आमच्या सासूबाईंचंसुद्धा. घरी येऊन मी हळूच विचारलं, "नर्सबाई भांडी गहाण ठेवून घेतात का हो?" सासूबाई इतक्या हसल्या की तापातली नणंदही उठून बसली.

गोष्ट अशी होती की दिवाळीत चाळीतल्या प्रत्येक घरची फराळाची ताटली प्रत्येक घरी जायची, आणि शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करायची नाही हा तिथला कायदाच होता. बाकीच्या बायका आपला फराळ घालून त्याच दिवशी ताटली परत करत. नर्सबाई ख्रिस्ती. त्यांच्या घरी दिवाळीचं तळण नसायचं. मग आलेल्या ताटल्या त्या नाताळपर्यंत सांभाळायच्या आणि नाताळला करंज्या, चकल्या घालून घरोघर पोचवायच्या. "दिवाळीपासून आमचे पोहे वाटीत," म्हणून सासूबाई कुरकुरायच्या, पण ताटली परत मागायची हिंमत कुणाची नव्हती. अर्ध्या चाळीची बाळंतपणं त्यांनी केली होती. त्यांच्याशी कोण वाकडं घेणार?

त्यांचं नाव मार्थाबाई साळवे. मूळच्या नगरकडच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, गावाकडे एक पुतण्या, आणि इथे लालबागच्या एका सूतिकागृहात नोकरी. उंच, काटक बांधा, पांढरी पाचवारी, मोकळं कपाळ, आणि तोंड फाटकं. बाळंतिणीनं फार आरडाओरडा केला की म्हणायच्या, "ओरड लेकी, पण कामाचं ओरड. नुसती हवा कशापायी घालवतीस?" चर्चला त्या देऊळ म्हणत. "देवळात जाऊन येते," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं होतं, "गणपतीच्या का?" त्यावर त्यांनी फक्त एक भुवई वर केली होती.

डिसेंबर लागला की मात्र या बाईचं काहीतरी बिनसायचं. हौस तर दांडगी. खोबरं किसून ठेवायच्या, रवा भाजायच्या, नवं लुगडं काढून पुन्हा घडी घालून ठेवायच्या. आणि त्याच वेळी चिडचिड. एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "नाताळ म्हंजे पाव्हणा बघ. येईस्तवर वाट बघायची, आला की कवा जातोय म्हणायचं." मग पुरण घाटावं तशा सावकाश सांगू लागल्या. गावाकडे त्यांचा नाताळ म्हणजे टाळमृदंगावर रात्रभर भजनं, बैलगाड्या जोडून आलेले पाहुणे, बाजरीच्या भाकरी आणि गूळ. इथल्या देवळात मराठी उपासना भल्या पहाटे उरकायची, कारण नंतर इंग्रजीवाल्यांची वेळ असायची. टोप्या आणि झगे घातलेली माणसं बाहेर ताटकळत उभी असायची आणि या शेवटचं गाणं घाईघाईत म्हणून बाहेर पडायच्या. "तिथं मी मराठी," त्या म्हणाल्या, "आन् इथं चाळीत वर्षभर नर्सबाई असते. नाताळाच्या दिवशी तेवढी ख्रिस्ती होते."

ते खरं होतं, आणि ते मला माझ्याच घरात कळलं. पहिल्या नाताळला त्यांनी भरलेली ताटली आमच्याकडे आली. सासूबाईंनी हसून घेतली, ख्यालीखुशाली विचारली, आणि त्या गेल्यावर सगळ्या करंज्या कागदात बांधून झाडूवालीला देऊन टाकल्या. वाईट मनानं नव्हे. त्यांना ते चालत नव्हतं, एवढंच. बहुतेक घरांत हेच व्हायचं. मला वाटलं, नर्सबाईंना हे ठाऊक नसावं. एकदा त्या झाडूवालीनंच त्यांच्यासमोर "करंज्या झ्याक होत्या हो बाई" म्हटलं आणि मी शरमेनं खाली बघितलं. नर्सबाई नंतर मला म्हणाल्या, "खाली कशापायी बघतीस? मला म्हाईत हाय. बाळंतपणात माझा हात चालतो, ताटात चालत नाही. आपलं काम भरून द्यायचं." हे त्या हसत म्हणाल्या. पण त्यानंतर स्टोव्हला पंप मारताना त्यांनी जरा जास्तच जोर लावला.

चाळीत त्यांच्या करंज्या उघड उघड खाणारा एकच होता, द्वारकाकाकू सावंतांचा वसंता. काकू मालवणकडच्या, नवरा गिरणीत, सोवळंओवळं कडक. वसंताही गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला, मिसरूड फुटलेला, अंगानं दांडगा. त्याचा जन्म नर्सबाईंच्याच हातचा. आई रागावली की तो करंजी तोंडात धरूनच गॅलरीभर पळायचा. ज्या वर्षी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्या वर्षीच्या दिवाळीत ताटली घेऊन तोच आला होता. मी तिथेच होते. म्हणाला, "नर्सबाई, यंदा करंज्या जास्त घाला हां. आय काय खात नाय, सगळ्या मलाच."

तेव्हा सगळी चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी पेटलेली. नर्सबाईंनाही एकानं डिवचलं होतं, "तुमचं काय बाई, तुम्ही सायबाच्या." त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "सायब गेला बाबा. मी हितंच हाय. आन् मला हाकलून कुठं धाडशील? नगरला? ते तुझ्या महाराष्ट्रातच हाय." दिवाळीनंतर काही दिवसांतच मोर्चात वसंताला गोळी लागली आणि तो गेला.

त्या संध्याकाळी सावंतांच्या घरी प्रत्येक घरून पिठलं-भाकरी गेली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी खायला न्यायचं असतं. नर्सबाई तेवढ्या गेल्या नाहीत. गॅलरीच्या कठड्याला टेकून लांब उभ्या राहिल्या. ज्या पोराला आपण पहिली आंघोळ घातली, त्याच्या आईला आपल्या हातची भाकरी नेता येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. करता काहीच येत नव्हतं.

दहाव्याला पुरुषमाणसं बाणगंगेवर गेली. परतली तेव्हा दारातच बायकांनी विचारलं, "शिवला का?" कावळा पिंडाला शिवला नव्हता. कावळे भिंतीवर बसून नुसते बघत राहिले. जाणाऱ्याची काही इच्छा मागे राहिली असली की असं होतं म्हणतात, म्हणून एकेकानं पुढे होऊन शब्द दिले. काका म्हणाले, बहिणीचं लग्न थाटात करू. वडील म्हणाले, तुझ्या आयेक अंतर देणार नाय. गिरणीतला एक कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, वसंता, मुंबई महाराष्ट्रात आणल्याशिवाय राहणार नाही. कावळे हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. चाळीत हे सगळे कुजबुजत बोलायचे, पण द्वारकाकाकूंच्या कानावर गेलंच. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. मुलगा गेल्याचं दुःख एक, आणि त्याचा जीव कुठेतरी अडकून पडलाय हे त्याहून जड.

नाताळ आला. नर्सबाईंनी तळण काढलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या नाताळाच्या गोष्टीत बाळ जन्मतं, तेवढंच सगळे गातात. पुढं त्या बाळाला शोधत राजाचे शिपाई येतात आन् गावातल्या आयांची लेकरं मारून जातात. ते कुणी गाण्यात घालत नाही. यंदा मला तेवढंच आठवतंय." त्यांनी प्रत्येक ताटलीत चिमूट-चिमूट साखर घालून त्या परत केल्या. सावंतांची ताटली मात्र फळीवरच राहिली. रिकामी द्यायची नाही, आणि साखर तरी कुठल्या तोंडानं घालणार?

नाताळच्या भल्या पहाटे मी त्यांना चहा घेऊन गेले. नवं लुगडं नेसून, पायात चपला घालून त्या देवळात निघाल्याच होत्या. तेवढ्यात दारात द्वारकाकाकू उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आत आल्या, फळीवरची आपली ताटली बघितली आणि म्हणाल्या, "नर्सबाय, माझ्या झिलाचो जीव खयसर अडाकलो हा, ता माका कळाक नाय. सगळ्यांनी मोठे मोठे शब्द दिले. तुझ्यो करंज्यो खाल्ल्यान म्हणान मिया तेका किती गाळी घातलंय. तेचो जीव तेच्यात तर नाय अडाकलो?"

नर्सबाईंचा चेहरा ताठ झाला. "जित्या पोराच्या हातातली करंजी ओढून घेत होतीस द्वारके," त्या म्हणाल्या. "आता कावळ्यासाठी मागायला आलीस?"

"होय," काकू म्हणाल्या. "मागूकच इलंय." आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

मी चहाचा कप हातात धरून उभी होते. उपासनेची वेळ होत आली होती. पिंड, कावळा असलं काही करायचं नाही, अशी त्यांच्या पाद्रीबाबांची सक्त शिकवण होती, हे त्यांनीच मला सांगितलेलं. नर्सबाईंनी एकदा दाराबाहेर बघितलं, एकदा काकूंकडे. मग चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या, नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, रवा-मैदा भिजव. मी खोबरं बघते." वर्षाची एकुलती एक नाताळची उपासना त्या दिवशी त्यांनी चुकवली. मी लाट्या लाटल्या, त्यांनी सारण भरलं. थोड्या वेळानं द्वारकाकाकू सरकून जवळ आल्या आणि न विचारता करंज्यांच्या कडा मुडपू लागल्या.

करंज्या निवल्यावर काकूंनी ताटली गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि हात जोडून कसलाही शब्द न देता म्हणाल्या, "खा रे बाबा. मिया काय बोलूचंय नाय." कावळा आला तो लगेच. एक करंजी चोचीत धरली, अर्धं सारण खाली सांडलं आणि समोरच्या छपरावर जाऊन बसला. काकू मटकन खाली बसल्या आणि पोटातून रडल्या. दहाव्यालाही त्या तशा रडल्या नव्हत्या. कावळा शिवेपर्यंत घरचं माणूस जेवत नाही, शिवला की जेवतं. त्या रीतीला धरून, डोळे पुसून, त्यांनी त्याच ताटलीतली करंजी उचलली आणि खाल्ली. अख्खी चाळ दारात उभी राहून बघत होती. नर्सबाईंनी तांब्याभर पाणी आणून पुढे धरलं. काकू तेही प्यायल्या.

नंतर मी त्यांना विचारलं, "तुमचा विश्वास आहे कावळ्यावर?"

"छे. चाळीतला कावळा तो, मोरीवरचा साबणसुद्धा पळवतो."

"मग केलंत कशाला?"

"द्वारकेचा हाय ना," त्या म्हणाल्या. "पर खरं सांगू? मला आनंद बी झाला आन् वाईट बी वाटलं. माझा नाताळ द्वारकेनं खाल्ला. पर पोराला जावं लागलं त्याच्यापायी." एवढं बोलून त्या कढईतलं तेल गाळायला बसल्या.

चाळ काही एका दिवसात बदलली नाही. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत त्यांच्याकडचं खाल्लं नाही. पण पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी द्वारकाकाकू खोबरं किसायला नर्सबाईंकडे येऊन बसल्या, आणि मग दरवर्षी बसत राहिल्या. दोघी भांडायच्याही खूप. एकीला सारणात वेलची हवी, दुसरीला जायफळ. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीनं गॅलरीभर पणत्या लावल्या, पेढे वाटले, पोरं नाचली. सावंतांच्या खोलीतला दिवा तेवढा लागला नव्हता. मी पेढे घेऊन गेले तर दोघी अंधारात भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. मी पेढे ठेवून परत आले.

नोकरी संपल्यावर नर्सबाई गावी पुतण्याकडे गेल्या. जाताना द्वारकाकाकूंनी कुरकुर केली, त्यांनी दरडावलं, आणि टॅक्सी निघेपर्यंत दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. काही वर्षांनी एका सकाळी तो पुतण्या चाळीत आला. आत्या गेली, म्हणाला. देवळाच्या आवारात पुरलं. तिनं सांगून ठेवलं होतं म्हणून कळवायला आलोय. ऐकून बायका हळहळल्या, कुणी त्याला पाणी दिलं, कुणी चहा टाकला.

द्वारकाकाकूंनी चहा टाकला नाही. बादली उचलून गॅलरीच्या टोकाच्या मोरीत गेल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मरणाचा निरोप आला की आमच्याकडे अशी आंघोळ फक्त रक्ताच्या माणसासाठी करतात. त्या निथळत बाहेर आल्या तेव्हा माझ्या सासूबाई घाबरून पुढे झाल्या. त्यांना वाटलं, मालवणहून काही वाईट निरोप आला. "द्वारकाबाई, अहो, कोण गेलं?"

"माझी भयण," काकू म्हणाल्या, आणि ओल्या पावलांनी आपल्या खोलीत गेल्या.