उरलेले थेंब

गिऱ्हाईकाला "एक सेकंद हं" म्हणून तासभर ताटकळत ठेवणाऱ्या घड्याळवाल्याला लोक सेकंदकाका म्हणणार नाहीत तर काय! चाळीस वर्षं हा माणूस उजव्या डोळ्याला भिंग लावून बसला आणि मोहरीपेक्षा बारीक स्क्रू चिमट्याने जागच्या जागी बसवत राहिला. डावा डोळा नुसता शोभेचा, असं ते स्वतःच सांगायचे.

काकूंचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि धसका घेतला काकांनी. ऑपरेशन तिचं, ताप यांना. पुढे त्यांचा उजवा डोळा लाल झाला, खुपायला लागला, उजेड सोसेना.

"माझे थेंब अर्धी बाटली उरलेत," काकू म्हणाल्या. "मला कसा आराम पडला होता!"

दिवसातून चारदा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या थेंब घालायच्या. लाली उतरलीसुद्धा. डॉक्टरची पायरी चढावी लागली नाही म्हणून काकू खुशीत होत्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र काकांना तबकडीवरचे आकडे पुसट दिसायला लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "लहानपणी तापात ओठावर फोड यायचे?"

यायचे की, दरवेळी.

"तेच विषाणू. ते शरीरातून जात नाहीत. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी, कानाच्या पुढे आत, वर्षानुवर्षं झोपून राहतात. तापाने, काळजीने जागे होतात. आता डोळ्यात उतरलेत. वेळेवर आला असतात तर यावर औषध होतं. मध्ये कुठले थेंब घातलेत का?"

काकूंचा हात पिशवीत गेला. बाटली तिथेच होती.

"घातले," काका घाईने म्हणाले. "मीच दुकानातून आणले. कुणाला विचारलं नाही."

"स्टिरॉइडचे असणार. वरची लाली गेली आणि आत विषाणूला रान मोकळं मिळालं. आता पूर्वीसारखं दिसणार नाही."

बाईंनी मग चांगलंच फैलावर घेतलं. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. काकूंचा हात पिशवीतच राहिला.

सहासष्टाव्या वर्षी डाव्या डोळ्याला काम शिकवायचं म्हणजे खायचं काम नाही. स्क्रू उडायचे, चिमटा भलतीकडेच जायचा. पण काकांना खरं जड जात होतं ते घरी. 'तुझी चूक नव्हती गं' एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि सगळी चूक आपल्या नावावर घेऊन बसल्यामुळे ते म्हणायची सोयच उरली नव्हती. दोघं जेवायची, उठायची. बोलणं आमटीत मीठ आहे की नाही, इतपतच.

काकूंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली, तेव्हा त्यांनी दवाखान्यात फोन करून ती रद्द केली.

"वेड लागलंय का तुला?" काका भडकले. "अगं, पार पिकलाय तो मोतीबिंदू!"

"राहू द्या. तुमचा एक, माझा एक. दोघांना पुरेत."

"काहीतरीच बोलतेस."

"बाटली माझी होती, हात माझा होता," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही खोटं सांगून मोकळे झालात. मी काय करायचं?"

काकांचा राग तिथल्या तिथे विरला. ते म्हणाले, "तुझी चूक नव्हती गं."

"हे त्या दिवशी घरी आल्या आल्या म्हणायचं होतंत."

ऑपरेशन व्हायचं होतं त्या दिवशी काकांनी दुकान उघडलं नाही. काकू नेहमीसारख्या भाजी निवडत बसल्या होत्या, एकेक पान डोळ्याजवळ धरून. काका समोर बसून बघत राहिले.