फुकटच्या सॉफ्टवेअरची वर्गणी

माझ्या हातून आयुष्यात एकच पुस्तक लिहून झालं आणि त्यानं आमचा धंदा जवळजवळ बुडवला.

पुस्तक म्हणजे मदतपुस्तिका. खराडीतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मी बरीच वर्षं हेच काम करत होते. इंजिनियर मंडळी जे बनवतात ते वापरायचं कसं, हे इंग्रजीत लिहायचं. कोणी वाचत नाही हे माहीत असूनही नेटकं लिहायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर अमरावतीकडचा एक प्रोग्रॅमर बसायचा, माझ्याहून बराच लहान. त्याच्या गावच्या वाचनालयात कार्डांच्या खणांना वाळवी लागली, तेव्हा त्यानं सुट्टीच्या दिवशी घरी बसून त्यांच्यासाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. पुस्तकांची यादी, देवघेव, सभासदांची वर्गणी, सरकारी अनुदानासाठी लागणारा वार्षिक अहवाल, सगळं मराठीत. ऱ्हस्वदीर्घ चुकवून शोधलं तरी पुस्तक सापडायचं. हे बघून मी त्याच्या प्रेमातच पडले. म्हणजे सॉफ्टवेअरच्या.

आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि एरंडवण्यात, माझ्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली घेतली. सॉफ्टवेअर ओपन सोर्स ठेवायचं हे त्याचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. कोणीही घ्यावं, वापरावं, आतला कोड उघडून बघावा, हवा तसा बदलावा, पुढे दुसऱ्याला द्यावा. एक पैसा लागणार नाही.

माझ्या नवऱ्यानं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्तम. मग तुम्ही विकणार काय?"

उत्तर आमच्याकडे तयार होतं. सॉफ्टवेअर फुकट, सेवा विकत. बसवून द्यायचं, जुन्या फाँटमधल्या याद्या नव्यात आणून द्यायच्या, माणसांना शिकवायचं, आणि पुढे वर्षभर अडलं की मदत करायची. त्या मदतीचा वार्षिक करार. जगभर लोक असंच करतात, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

पण जगभरच्या लोकांनी पुस्तिका माझ्याकडून लिहून घेतली नव्हती. पहिल्यांदाच मराठीत लिहायला मिळत होतं आणि पहिल्यांदाच कोणीतरी वाचणार होतं. त्यामुळे मी पेटले होते. प्रत्येक अडचणीला एक पान. पडद्यावर काय दिसेल, काय दाबायचं, काय दाबू नये. प्रिंटर रुसला तर काय, वीज गेली तर काय. पहिल्याच पानावर, सॉफ्टवेअर फुकट असल्याच्या ओळीखाली, मी मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'फोन करण्याआधी संबंधित पान वाचावे. वाचल्यानंतर फोनची आवश्यकता उरणार नाही.'

ज्यांचं पोट लोकांच्या फोनवर चालणार होतं, त्यांनी हे छापावं! पुण्याबाहेरच्या माणसाला हे सुचलंच नसतं. तेव्हा मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता.

लोकांनी पुस्तिका वाचली आणि फोन केले नाहीत. पहिल्या वर्षी बऱ्याच वाचनालयांनी करार केले. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा सगळीकडून एकाच सुरात उत्तर आलं: "छानच चाललंय हो तुमचं सॉफ्टवेअर. पुस्तिकेत सगळं आहे. आम्हाला तुमची गरजच पडली नाही." नवी वाचनालयं तर आमच्याकडे यायचीही नाहीत. वेबसाइटवरून उतरवून घ्यायची, पुस्तिका वाचून स्वतःच बसवायची आणि आम्हाला नुसते आभार कळवायची. सॉफ्टवेअर पसरत होतं आणि आम्ही वाळत होतो.

"मॅडम," तो एकदा म्हणाला, "आपला धंदा तुमच्या पुस्तकानंच खाल्ला न."

त्यानं ते हसत म्हटलं. नंतर मात्र, जरा घुटमळत, त्यानं एक उपाय सुचवला. जुन्या याद्या आणायचं प्रकरण आणि वार्षिक अहवालाचं प्रकरण, ही दोन पुस्तिकेतून काढून ठेवायची. लोक तिथेच अडतात. अडले की फोन करतील.

माझा राग कसा असतो हे त्याला माहीत होतं, तरी त्या दिवशी तो खुर्चीसकट मागे सरकला. मी म्हटलं, कोड उघडा ठेवायचा आणि तो वापरायची अक्कल कुलपात ठेवायची, हा कसला ओपन सोर्स? त्यापेक्षा सॉफ्टवेअरच पेटीत बंद करून विक ना, निदान सरळ तरी होईल. त्याचंही चुकत नव्हतं. वाघोलीत त्यानं फ्लॅट घेतला होता, हप्ते चालू होते, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. माझ्या घरी नवऱ्याचं पेन्शन येत होतं. तत्त्वं मला परवडत होती.

शिवाय वाघोलीहून आमच्याकडे येताना खराडी वाटेतच लागते. जुन्या कंपनीच्या काचेच्या इमारती रोज डाव्या हाताला ठेवून तो पुढे यायचा. आता त्या कंपनीनं त्याला परत बोलावलं होतं आणि मार्चअखेरीपर्यंत उत्तर मागितलं होतं. तो गेला असता तर सॉफ्टवेअर तिथेच थांबलं असतं. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. अहवालाचा सरकारी नमुना दर वर्षी थोडा बदलतो, संगणक बदलतात, नव्या संगणकावर जुनं काहीतरी मोडतं. हे सगळं तो गुपचूप दुरुस्त करत असायचा आणि कोणाला पत्ताही लागायचा नाही. आमच्या भरवशावर ज्यांनी कार्डं रद्दीत घातली होती, ती सगळी वाचनालयं उघड्यावर पडली असती. मला झोप लागेना.

अशात खडकीच्या वाचनालयाचा नकार आला. बुद्धविहाराला लागून एका खोलीत हे वाचनालय होतं, कारखान्यातल्या कामगारांनी स्वतः उभं केलेलं. तिथले कार्यवाह निवृत्त फोरमन. उंच, ताठ, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी पाणी पिऊन घ्यावं. आमचं सॉफ्टवेअर घेणारे ते अगदी पहिल्यांपैकी. त्यांनीही करार नको म्हटल्यावर मला राहवेना. मी रिक्षा केली आणि थेट खडकी गाठली.

"काका, तुम्हीसुद्धा?" मी दारातूनच म्हटलं.

"अहो, आधी आत तरी या. भांडण बसून करू."

मी बसले. तेवढ्यात एक वृद्ध बाई नातीचा हात धरून आल्या. वर्षाची वर्गणी भरली, पावती पिशवीत ठेवली आणि पुस्तक न घेताच गेल्या. मी सहज विचारलं, पुस्तक नको का त्यांना?

"त्यांना आता दिसत नाही. कित्येक वर्षांत पुस्तक नेलेलं नाही त्यांनी."

"मग वर्गणी कशाला?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं. "वाचनालय चालू राहावं म्हणून. वर्गणी आणखी कशाला असते?" मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे मदतीचे पैसे मागितलेत. मदत लागली नाही, आम्ही नाही म्हटलं. दुकानदारासारखं मागितलंत, गिऱ्हाइकासारखं उत्तर मिळालं. वर्गणी मागितलीत का कधी?"

नव्हती मागितली. वर्गणीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही गावोगाव वाटत होतो, आणि वर्गणी आम्हाला सुचली नव्हती.

परत आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाप्पा! मॅडम, वर्गणी गणपतीची असते. सॉफ्टवेअरची कोण देते?" पण त्याचे डोळे पहिल्यांदाच जरा चमकले. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकटच. पुस्तिका सगळ्यांना पुरीच. ज्याला हे चालू राहावंसं वाटतं त्यानं वर्षाची वर्गणी द्यावी. बदल्यात हक्क एकच: वार्षिक सभेला यायचं आणि पुढच्या वर्षी आधी काय दुरुस्त करायचं यावर मत द्यायचं. पावत्या आमच्याच सॉफ्टवेअरमधून द्यायच्या. सभासदांच्या जागी वाचनालयं आली, एवढाच फरक.

सगळ्यांना कळवलं. उत्तरं आपापल्या स्वभावाप्रमाणे आली. काहींनी लगेच वर्गणी पाठवली. काहींनी समितीपुढे ठेवतो म्हटलं, म्हणजे काय ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पेठेतल्या एका कार्यवाहांनी लिहिलं, "सॉफ्टवेअर फुकट आहे असे आपणच पहिल्या पानावर छापले आहे. आम्ही पान वाचले आहे." माझंच औषध मला मिळालं होतं. मला हसूही आलं आणि झोंबलंही.

जमलं ते अगदीच थोडं नव्हतं. पण वाघोलीचा हप्ता आणि शाळेची फी निर्धास्तपणे भागावी एवढं नक्कीच नव्हतं. शुक्रवारी जाताना तो दारात थांबला.

"मॅडम, सोमवारी त्यांना हो म्हणून कळवतो. सुट्टीच्या दिवशी बघत जाईन न मी हे. टाकून नाही चाललो."

"जा," मी म्हटलं. "तुझं घर आधी."

मनापासूनच म्हटलं मी ते. पण सुट्टीच्या दिवशी बघणं म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं. हळूहळू ते न बघणं होतं. तो गेल्यावर मला रडू नाही आलं, राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. शेवटी नवऱ्यावर काढला. त्याला सवय आहे.

शनिवारी सकाळी तो ऑफिसातलं आपलं टेबल आवरायला आला होता. मी उगाचच वेबसाइट चाळत बसले होते. दार वाजलं आणि खडकीचे काका आत आले, घामेजलेले, हातात कापडी पिशवी.

"तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? फोन करायचा."

"फोन करू नये असं तुम्हीच छापलंय. म्हणून समक्ष आलो."

पाणी प्यायले आणि त्यांनी सांगितलं, वाचनालय बंद झालं. वाचक उरले नव्हते. मुलं हिंजवडीकडे, खराडीकडे राहायला गेली, म्हातारी माणसं एकेक करून कमी झाली. समितीनंच ठराव केला. पुस्तकं जवळच्या एका शाळेला दिली. ते सांगताना त्यांचा आवाज फोरमनचाच होता, फक्त मधेमधे ते थांबत होते. मी संगणकावर त्यांच्या वाचनालयाच्या नावापुढे 'बंद' अशी खूण केली.

मग त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. "यंदाची वर्गणी. पावती द्या."

"काका, वाचनालय बंद झालं ना?"

"ते मला माहीत आहे. मीच कुलूप लावलं."

तो टेबल आवरायचा थांबला होता. "काका," त्यानं हळूच विचारलं, "आता काऊन देऊन राहिले मग?"

"पुस्तकं शाळेत गेली. तिथं तुमचंच सॉफ्टवेअर मी बसवून दिलंय, पुस्तिका वाचून. ती शाळा वर्गणी देणार नाही. कुठून देणार? मुलं पुस्तकं नेतील, आणतील, त्यांना तुम्ही कोण ते कळायचंही नाही. कळायची गरजही नाही. पण कोणीतरी द्यायला पाहिजे ना?"

मी पावती करायला घेतली. पडद्यावर तांबड्या अक्षरात आलं: 'बंद संस्थेची वर्गणी स्वीकारता येत नाही. कृपया नोंद तपासावी.' काकांनी चष्मा वर करून ते वाचलं. "ही भाषा तुमची दिसतेय."

माझीच होती. नियम मात्र त्याचा होता.

"सरका मॅडम," तो म्हणाला. "काका, चहा घ्या तोवर."

त्यानं आवरून ठेवलेला कीबोर्ड परत काढला. वर्गणीदार म्हणून आजवर फक्त संस्थेची नोंद होत होती. त्यानं तिथे नवा प्रकार लिहायला घेतला: व्यक्ती. मी चहा केला. काका बिस्किट बुडवत त्याच्या पाठीमागून बघत बसले आणि मधेच एकदा, "तो कंस बंद करायचा राहिलाय," म्हणाले. तो राहिलेला नव्हता. पण त्यानं "हाव काका, करतो," म्हटलं.

प्रिंटर घरघरला. काकांनी पावती नीट वाचली, दुमडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. प्रिंटर पुन्हा घरघरला. दुसरी पावती बाहेर आली, ती त्यानं स्वतःच उचलली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझी न."

निरोपाची वर्गणी भरतोय, असंच मला वाटलं. मी म्हटलं, "सोमवारी कंपनीत जायच्या आधी एवढं मला नीट समजावून ठेव. माझ्याकडे तुझ्याशिवाय कोणी नाही."

तो पडद्याकडेच बघत राहिला. "सोमवारी हे तपासावं लागते मॅडम. घाईत लिहिलं. व्यक्तीला सभेत मत द्यायचं की नाही, ते ठरलंच नाही आपलं. कंपनीला नाही म्हणून कळवतो. हप्त्याचं मी पाहतो."

काका लगेच म्हणाले, "मत द्यायचंच. मी सभेला येणार आहे."

तेवढ्यात प्रिंटर तिसऱ्यांदा घरघरला. पावतीवर माझं नाव होतं. त्यानं ती माझ्यापुढे धरली आणि पैशांसाठी दुसरा हात पुढे केला.