शाल आणि अननस

नारिता विमानतळावर माझा नारळ जप्त झाला. अधिकाऱ्याने तो दोन्ही हातांनी, अगदी अदबीने घेतला आणि कमरेत वाकून परत द्यायला नकार दिला. सामानाच्या यादीतली पहिलीच वस्तू गेली.

माझी धाकटी बहीण सुनंदा टोकियोजवळ उरायासुला राहते. यजमान जपानी. त्या भागातल्या शाळांचे निवडक फुटबॉलपटू दरवर्षी एक सामना खेळतात आणि मग सुनंदाने केलेली करी खातात. यंदा सामन्याला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार होता. इतक्या वर्षांत सुनंदाला तिथे पहिल्यांदाच कुणी मंचावर बोलावणार, हे कळल्यावर मी एसटीडी बूथमध्येच ठरवलं: शाल-श्रीफळ न्यायचं. आता शाल तेवढी उरली. स्टेशनजवळच्या दुकानात शेंडीवालं एकच फळ मिळालं. अननस.

"ताई, तो पिशवीतच राहू दे हं," सुनंदा म्हणाली. स्वतः मात्र सकाळपासून साड्या बदलत होती.

मैदानावर समुद्राचा वारा भाषणं सोडून सगळं उडवत होता. मैदानाच्या रेघा आखणारे आजोबा, खेळाडूंचे कपडे धुणाऱ्या बाई, एकेकाला कान्शाजो (आभारपत्र) मिळालं. मग अध्यक्षांनी पुकारलं, "करीबद्दल, मोरितासान!"

उठले आमचे मोरिताराव, सुनंदाचे यजमान! समितीने घरातल्या कर्त्याचं नाव घातलं होतं. सुनंदा टाळ्या वाजवत होती. जरा जास्तच जोरात.

मी अननस घेऊन उठले.

"ताई, बस खाली! लाज आणशील!"

"आणते."

कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी मला वाट दिली. मंचावर मी शाल उलगडली आणि मोरितारावांकडे नुसतं पाहिलं. आमच्या घरातले सगळे जावई ही नजर ओळखतात. ते माइकवर काहीतरी बोलले. खेळाडूंनी एकच गलका केला. सुनंदा पदराने डोळे टिपत मंचावर आली.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, करी हिची. मी फक्त पातेलं उचलतो."

मी तिला शाल पांघरली, हातात अननस दिला. काही राहू नये म्हणून अध्यक्षांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. करी गार झाली.

आभारपत्रावर नाव मोरितारावांचंच राहिलं. बदलायला समितीची बैठक लागते म्हणे. सुनंदाने ते स्वयंपाकघरात, कांद्यांच्या टोपलीवर टांगलं. मी निघाले तेव्हा मोरिताराव त्याखाली उभे राहून डोळे पुसत होते.

"मी चालले म्हणून का?" मी सुनंदाला विचारलं.

"छे गं! ज्याचं नाव, त्याने कांदे चिरायचे."

विमानात मनाशी म्हटलं, आपल्याकडे सत्काराची शाल एकदा कपाटात गेली की विषय संपतो. सुनंदाचा सत्कार आता रोज संध्याकाळी होणार होता, सुरीसकट.