सुनंदाने न दाखवलेलं

सुनंदा कुणाचंही चित्रण करण्याआधी कॅमेरा त्याच्याच हातात द्यायची. "आधी तुमी माह्यावर धरा. मंग मी तुमच्यावर धरते," असं म्हणायची. वाशीमच्या बैलबाजारात तिने मलाही तो धरायला लावला. मी म्हणालो, "बाई, मी दात पाहून बैलाचं वय सांगनारा मानूस. मले कायले हे धरायले लावून राह्यली?" तिने ओठ मागे घेतले, दात दाखवले आणि म्हणाली, "मंग सांगा माहं."

ती इंझोरी गावची. घरी वांगी-मिरचीचा मळा. शिकून माहितीपट करू लागली, पण बोलणं गावचंच ठेवलं. तीन बाजार ती कॅमेरा पिशवीत ठेवून माझ्याजवळ नुसती चहा पीत बसली. मी दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरता धरता व्यापारी झालेला माणूस. माझा राग बाजाराला ठाऊक आहे आणि माझा शब्दही ठाऊक होता. 'होता' असं लिहावं लागतं, ते सुनंदामुळे.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली विकणारा आपली बोटं घेणाऱ्याच्या मुठीत देतो. जितकी बोटं, तितका भाव. अख्खा हात दिला तर पंजा, म्हणजे पाच. चौथ्या बाजारी तिचा कॅमेरा सुरू असताना एका म्हाताऱ्याने असा हात दिला. मी चार बोटं मोजली आणि सौदा पक्का केला. तो म्हणाला, "पंजा झाला." माझं डोकं फिरलं. "चार देऊन पाच सांगतं? जबान फिरवतं काय, बुढ्या?" लोक गोळा झाले. मी दुपट्टा ओढून फेकला.

त्याला करंगळीच नव्हती. मळणी यंत्रात गेली होती. जन्मभराच्या सवयीने त्याने अख्खा हात दिला होता, आणि तो आता चारच बोटांचा होता. मी त्याचा भाव मान्य केला. तो हात धोतरात लपवत निघून गेला. मी मध्ये उभा होतो, म्हणून जमलेल्या लोकांना तो हात दिसला नाही.

सुनंदाच्या माहितीपटात मात्र दुपट्टा ओढेपर्यंतचंच आलं. मी ओरडतोय, म्हातारा थरथरतोय, आणि लगेच दुसऱ्या गावचं दृश्य. तो तुकडा फोनाफोनांतून फिरला. चहाच्या टपरीवर लोक मला विचारू लागले, "काय शेठ, आज कोनाची जबान फिरवली?" रागापोटी मी कुणाला खुलासा दिला नाही. शेतकरी बैल घेऊन माझ्यासमोरून जायचे आणि माझ्या दुपट्ट्याखाली हात घालत नसत. बैलाच्या व्यापाऱ्याचं याहून वाईट काही होत नाही.

त्या वर्षी विद्यापीठाने आपलं जाहीर व्याख्यान वाशीमला ठेवलं आणि वक्ता म्हणून तिला बोलावलं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. चार लोकांत तिचीही अब्रू काढायची, एवढं ठरवूनच गेलो होतो.

तिने तोच तुकडा पडद्यावर लावला. मागे कुणीतरी म्हणालं, "अबे, हा तर समोरच बसला हाय." सभागृह हसलं. सुनंदा हसली नाही. ती म्हणाली, "म्या काय घेतलं ते तुमाले दिसते. काय सोडलं ते मले इचारा. सिनेमावाल्याले तेच इचारायचं असते."

मी उभा राहिलो. "मंग मीच इचारतो. दुपट्टा ओढल्यावर काय झालं, ते दाखव."

"ते माह्याजवळ हाय," ती म्हणाली. "पन दाखवनार नाही."

"काहून?"

"तेबी सांगनार नाही."

आयोजकांपैकी एक जण मला बसवायला आला. मी त्याचा हात झटकला. सुनंदाने माईक ठेवला, पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत आली आणि कानाशी बोलली. "भाऊ, त्या बुढ्याचं शेत बटईचं हाय, मालक दूर शयरात रायते. बोट गेलं हे मालकाले समजलं तर पुढच्या साली शेत दुसऱ्याले देईन. बुढा रडला माह्यापुढं. मी त्याले शब्द देल्ला."

"अन् माहं काय?"

"तुमचं म्या वाटोळं केलं. ते सांगतेच." ती परत वर गेली आणि माईक उचलला. "या भाऊनं कोनाले फसवलं नाही. चूक माही. माह्या कापन्यानं त्यायचं नाव गेलं."

मागून आवाज आला, "मंग पुढचं दाखवा नं, बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द, करंगळी, माझ्या जिभेवर होता. तो बोललो असतो तर मी तिथल्या तिथे सुटलो असतो. सभागृहात बाजारातले निदान दहा चेहरे होते. मी खाली बसलो. शहाणपणाने नाही, रागाने बसलो, आणि पुढची काही वर्षं तिचा फोन उचलला नाही. तिची माफी एका सभागृहाने ऐकली. तो तुकडा अख्ख्या जिल्ह्याच्या फोनात राहिला. काही शेतकरी परत आले, बरेच आले नाहीत.

यंदा हिवाळ्यात अनोळखी नंबर म्हणून फोन उचलला, तर तीच. "बुढा गेला, भाऊ. मागं कोनी शेती करनारं नाही. आता पुढचं जोडते. पन आधी तुमी पाहा."

तिने पाठवलं. दुपट्टा निघतो. मी तो हात बघतो. मग मी काहीच बोलत नाही. माझी नजर डावीकडे जाते, उजवीकडे जाते. कुणी पाहिलं का, ते शोधते. मग ती कॅमेऱ्यावर येते आणि थांबते. त्यानंतर मी म्हणतो, "पंजा तर पंजा."

बोट दिसताक्षणी मी भाव मान्य केला, असं मी इतकी वर्षं स्वतःला छातीठोक सांगत आलो. समोर कॅमेरा नसता तर काय म्हणालो असतो, ते मला खरंच माहीत नाही. सुनंदाला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तरी भर सभागृहात तिने चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती.

मी फोन लावला. ती म्हणाली, "मंधात तुमी जरासे गुपचूप उभे दिसता. तेवढं कमी करू काय?"

"आता कायी कापू नको," मी म्हणालो. "हाय तसं लाव."