अण्णांचा अंदाज

दहिफळे अण्णांनी पहिल्याच बैठकीत माझ्या दोन बोटांच्या मधे दाभण खुपसला. फायली शिवायचा दाभण, टेबलाच्या लाकडात चांगला रुतला. मी चिठ्ठीवर "चार दिवस" लिहिलं होतं. "चार दिवसांत नुसता तुझा चहा व्हईल," ते म्हणाले. "खरं लिही."

नगरातल्या त्या सरकारी कार्यालयात आम्ही पाच जण टंचाईच्या गावांना टँकर पाठवण्याचं सॉफ्टवेअर करत होतो. मी कंत्राटी प्रोग्रामर, अण्णा अव्वल कारकून. संगणकाला ते हात लावत नसत, पण प्रत्येक योजना त्यांच्यापुढंच ठरायची. कामाचा एकेक तुकडा ते वाचून दाखवत. किती दिवस लागतील ते प्रत्येकानं जुन्या अर्जांच्या पाठीवर लिहायचं, चिठ्ठी पालथी ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम उलटायची. साहेबांचं तोंड बघून कुणी आकडा ठरवू नये म्हणून ही रीत. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्यानं उभं राहून कारण द्यायचं. तो अडखळला की अण्णा हाताला येईल ते फेकून मारत. एकदा स्टेपलरनं आमच्या शेळक्यांचं कपाळ फुटलं. मग अण्णा स्वतःच त्यांना रिक्षात घालून टाके घालायला घेऊन गेले. "खोटा दिवस लिवला की त्यो कुनाच्या तरी डोक्यात बसतो," असं त्या डॉक्टरलाच समजावत होते. शेळक्यांनी तक्रार केली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. हा माणूस गुंड आहे, असं मी घरी सांगायचो, आणि ते काही खोटं नव्हतं.

अण्णांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. ऊस तोडणारं जोडपं म्हणजे एक कोयता. त्यांच्या भागात दिवाळीनंतर निम्मी वाडी साखर कारखान्यांवर जाते, तेवढ्या माणसांचं पाणी आमचं सॉफ्टवेअर कमी करणार होतं. अण्णा तिथंच अडून बसले. "कारखाना लवकर बंद झाला तर कोयतं एकदमच माघारी येत्यात. मग पानी कोन वाढवनार?" गावातून तशी नोंद करायची सोय हवी होती. चिठ्ठ्या उलटल्या. तीस, पस्तीस, तीस, तीस. माझी दहा. साहेबांना उद्घाटनाची घाई होती आणि माझं कंत्राट त्यांच्या सहीवर होतं. साहेबांनी माझीच चिठ्ठी उचलली. ते बाहेर गेल्यावर अण्णांनी मला कॉलर धरून भिंतीवर आपटलं आणि दोन कानाखाली वाजवल्या. पाणी मात्र त्यांच्याच डोळ्यांत आलं.

दहा दिवसांत मी नोंदीचं बटण केलं. ते दाबलं की "नोंद झाली" असं दिसायचं, पण नोंद कुठंच जात नव्हती. पुढं बघू म्हणून तसंच राहिलं.

त्या वर्षी कारखाने लवकर बंद झाले. खर्ड्याकडच्या एका वाडीत सगळे कोयते परतले आणि टँकर निम्म्याच खेपा घालत राहिला. ग्रामसेवक रोज बटण दाबत होता. सहाव्या दिवशी विहिरीवर मारामारी पेटल्याचा फोन आला. अण्णा आणि मी पोचलो तेव्हा ड्रायव्हरला खाली ओढून तुडवत होते. हंडे माणसांवर फेकले जात होते. एक बाई फाटलेला ओठ पदरानं दाबून शिव्या देत होती.

"मशिनीत हे निम्मं पानी कुनी घातलं?" एकानं विचारलं. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता.

मी एक पाऊल मागं सरलो. अण्णा माझ्यापुढं आले. "म्या घातलं," ते म्हणाले.

दांडा दोनदा बसला. दुसऱ्या वेळचा आवाज मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच ते वारले. मारणारा तुरुंगात गेला. चौकशीत साहेबांनी सगळी चूक अण्णांच्या नावावर टाकली आणि मी खाली मान घालून बसलो. बटण नंतर नीट केलं, त्याला एकतीस दिवस लागले. माझं कंत्राट वाढलं.

वर्षश्राद्धाला मी त्यांच्या घरी गेलो. जेवणं उरकल्यावर त्यांच्या बायकोपुढं, काकूंपुढं बसून सगळं सांगितलं. चिठ्ठी, बटण, विहिरीवर माझं गप्प राहणं. त्यांनी मला मारलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

काकू खरकटं गोळा करत होत्या. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आले तवा सांगून गेले. म्हनले, त्यो कबूल करायला येईल. त्याला महिना लागंल, तवर कुनाला बोलू नको."

त्यांनी माझ्यापुढची पत्रावळ उचलून दुमडली.

"म्या वरीसभर न्हाई बोलले."