घरी यायचा खेळ

संगमेश्वर सरांना खेळांचा वैताग होता. खेळणाऱ्या पोरांचा नव्हे, प्रशिक्षणात शिकवतात त्या खेळांचा. दरवर्षी कुणीतरी नवा साहेब येणार, पन्नाशी उलटलेल्या मास्तरांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावणार आणि मग 'आनंददायी वाचन' म्हणून त्याचे फोटो ग्रुपवर मागणार. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पोरं पुन्हा 'क ला काना का' करत बसलेली. चौसाळ्याहून रोज मोटारसायकलवर नांदूरघाटाच्या पलीकडच्या त्या वस्तीवर येऊन येऊन सरांची कंबर गेली होती, आणि उमेद तिच्या आधीच गेली होती.

तरी त्या वर्षी खेळ त्यांनी आपणहून सुरू केला, तो करिष्मासाठी.

करिष्मा चौथीत होती, रामप्रसाद आणि सावित्रीबाईची थोरली. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊस तोडायला मिरजेकडे जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. वर्ग जोडाक्षरं शिकायचा तेव्हा ही तिकडे खोपीत पाणी भरत असायची. वाचायला उभी केली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. "यंदा तरी तिला आजीपाशी ठेवा," म्हणून सर मागे लागले होते. रामप्रसाद राजी होता. सावित्रीबाई नव्हती.

"एक अक्षर वाचता येईना तिला. मंग मागं ठिवून काय करू, गुरुजी? तिकडं धाकट्याला तरी सांभाळंल," ती म्हणायची.

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. दिवाळीच्या आत करिष्मा वाचायला लागली तर राहणार, नाहीतर गेली. आणि आणखी एक वर्ष बुडालेली पोर पुन्हा वर्गात टिकत नाही, हे सरांनी नको तितक्या वेळा पाहिलं होतं.

एकदा मधल्या सुट्टीत लिंबाखाली पोरं ऊसतोड खेळत होती. वाळकी धाटं मोडायची, मोळ्या बांधायच्या, आरडाओरडा करायचा. सगळ्यांत मोठा आवाज करिष्माचा. वर्गात मुकी असलेली ही पोर तिथे पाच जणांना कामाला लावत होती. सरांच्या डोक्यात तेव्हा ते आलं.

त्यांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, त्यांवर शब्द लिहिले. वाचलेलं कार्ड म्हणजे तोडलेला ऊस. कार्डांची मोळी दोऱ्याने बांधायची आणि खोक्याच्या ट्रकात टाकायची. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. सरांनीही एका पोराला एक पोरगी देऊन तसेच कोयते लावले. मुकादम ते स्वतः झाले, खांद्यावर टॉवेल टाकून.

आणि खेळ चालला! इतका चालला की दुसऱ्या वर्गातून शिवानी मॅडम बघायला आल्या. करिष्माचे ओठ उघडले. 'कष्ट', 'ट्रक', 'पोळ्या' करत, अडखळत, चिडत, पण ती मोळ्यांवर मोळ्या बांधू लागली. सर घरी जाताना गाडीवर गुणगुणायचे, हे त्यांच्या बायकोनेही हेरलं.

तोडीला जाणाऱ्या गाड्या निघायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. खेळ रंगात आला होता. सर ओरडत होते, "करिष्मा-अभिमन्यूचा कोयता मागं पडला! आवरा, गाडी भरायचीय!" पोरं खिदळत होती. मग हळूहळू खिदळणं थांबलं. दारात सावित्रीबाई उभी होती.

"गुरुजी, माझ्या बापानं मला असंच लावलं व्हतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कोयता पुरा व्हावा म्हनून लगीन लावून दिलं. चौदावं बी सरलं नव्हतं मला. पोरीवर ती पाळी नगं म्हनून शाळंत घातली. अन् तुमीच हितं मुकादम झालात?"

तिने करिष्माचा हात धरला आणि ती गेली.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खांद्यावरचा टॉवेल काढला खरा, पण तो ठेवावा कुठे हे कळेना. शिवानी मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा हेतू चांगला होता."

हेतूचं काय घेऊन बसलात, सर मनात म्हणाले. मुकादमाचा हेतूसुद्धा साखर व्हावी हाच असतो.

शाळा सुटल्यावर ते तिच्या घरी गेले. त्या वयात माफी मागायला जाणं सोपं नसतं. सावित्रीबाई भांडी पोत्यात भरून तोंड बांधत होती. बसा म्हणाली नाही.

"बाई, चुकलं माझं," सर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "पोरीला न्यायचं तर न्या. पण माझ्या चुकीपायी नेऊ नका."

ती बराच वेळ दोरी आवळत राहिली. मग म्हणाली, "वाचत व्हती मात्र. दारात उभी राहून ऐकलं मी. थांबत-थांबत, पन वाचत व्हती."

तिने पोत्याला शेवटची गाठ मारली.

"आमी बाया उसाच्या फडात काय खेळतो, म्हाईत हाय का? मोळ्या बांधता-बांधता घरी यायचं खेळतो. एक म्हनती, मिरज सुटलं. दुसरी म्हनती, सांगोला आलं. बार्शीला चा प्यायचा. येरमाळ्याला येडाईचा डोंगर दिसला, की मंग कुनीच बोलत न्हाई." तिने पोतं भिंतीशी लोटलं. "खेळवायचंच तर ते खेळवा. जायचा खेळ कावून खेळवता?"

गाडी निघाली तेव्हा करिष्मा आजीपाशी राहिली.

सरांनी शाळेच्या व्हरांड्यात खडूने रस्ता काढला. मिरज, सांगोला, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा, चौसाळा, नांदूरघाट आणि शेवटी वस्ती. मधेमधे मैलाचे दगड. ज्याची त्याची काड्यापेटीची गाडी. एक पुस्तक वाचायचं, वर्गाला गोष्ट सांगायची, की गाडी एक दगड पुढे. पाडव्यापर्यंत पुरेल असा त्यांचा हिशेब होता.

करिष्माने तो हिशेब पार मोडला. लिंबाखाली वाच, चुलीपुढे वाच, आजी, जानकीबाई, धान्य निवडत असताना तिला वाचून दाखव. शाळेच्या पेटीतली पुस्तकं संपली, तशी सरांनी चौसाळ्याहून ओळखीपाळखीच्या घरांतून जुनी गोळा करून आणली. ग्रुपवर फोटो गेले, वरून 'स्तुत्य उपक्रम' आलं, आणि खरं सांगायचं तर सरांना ते आवडलं. किती वर्षांनी कुणी त्यांचं कौतुक केलं होतं!

संक्रांत झाली आणि करिष्माची गाडी वस्तीवर पोहोचली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती मात्र गाडीकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत सर घरी गेले. अंगण सारवलेलं होतं. जानकीबाई म्हणाली, "फाट्यावर गेली जनू. सकाळपासून वेणी घाल म्हनून मागं लागलती."

फाट्यावरच्या पुलाच्या कठड्यावर ती बसली होती. लाल रिबिनी, धुतलेला फ्रॉक. सर शेजारी बसले. कंबर ठणकत होती.

"करिष्मा, अगं, खेळ आहे तो."

"ठाव हाय, सर," ती म्हणाली. रस्त्यावरची नजर काढली नाही. "तरी म्हनलं, बघावं."

सरांना एकदम रडू आलं. वाचनाची गोडी म्हणून ज्याचं कौतुक ते पदरात पाडून घेत होते ते हे होतं! ही पोर एकेक पुस्तक रेटत आईला घरी ओढत होती. एका खेळातल्या चुकीतून बाहेर पडावं, तर दुसऱ्यातही पोरीच्या जिवालाच लागावं. आता कोणत्या तोंडाने तिसरा काढायचा? ते इतके दमले होते की तिथेच बसून राहावंसं वाटलं.

पण बसून कसं चालेल? त्यांनी तिला गाडीवर घेतलं, शाळेत आणलं आणि रामप्रसादला फोन लावला. तो फडातच होता. त्याने फोन बायकोकडे दिला. मागून ऊस तोडल्याचे आवाज येत होते.

"आई," करिष्मा म्हणाली, "मला समदं वाचता येतंय."

"काय वाचतीस?"

करिष्माने इकडेतिकडे पाहिलं. समोर खडूचा रस्ता होता. ती वाचू लागली, कुठेही न अडखळता, एका दमात. "मिरज, सांगोला, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा…"

तिकडचं बोलणं थांबलं. सरांना वाटलं, फोन कटला.

मग सावित्रीबाईचा आवाज आला, घोगरा. "हळू वाच गं, माय. लई झपकन घर यायलंय."

करिष्मा फरशीवर बसली. मिरजेवर बोट ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, एकेक अक्षर सुटं करून, मधे थांबत. उभा जन्म पोरांना 'अडखळू नका, सलग वाचा' म्हणत आलेले संगमेश्वर सर तिच्या कानाशी फोन धरून बसून राहिले. त्यांनी तिला एकदाही घाई केली नाही.