अण्णाची आयडी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि घरातली पुस्तकं म्हणावीत तर ती माझीच, तीही परीक्षेची. त्यात मी लिहिणार ते मोबाईलवरच्या लढाईच्या गेमविषयी. त्यात मजा कसली असते ते सांगावंसं वाटतं आणि त्या मजेपायी माझ्याकडून काय चूक झाली तेही. माझा सख्खा मोठा भाऊ सैन्यात आहे, त्यामुळे हे लिहिताना हात जरा जास्तच अडखळतो.

आमचं घर निपाणीत. वडील मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून घर चाललं ते आईच्या विड्यांवर आणि नंतर अण्णाच्या पगारावर. माझं कॉलेज बेळगावला. तिथं खासबागेत एका खोलीत मी आणि गोकाककडचा एक मित्र राहतो. तो घरी कन्नड बोलतो, माझ्याशी अर्धं मराठी. गेममध्ये मात्र दोघांचंही सगळं एकत्र होतं. तो ओरडतो, "हिंदे, हिंदे!" आणि मी मागं वळून गोळी झाडतो.

गेम अण्णाला मीच शिकवला. तो रजेवर आला होता. चार जणांची टोळी विमानातून उडी मारते, पडक्या घरांतून बंदुका गोळा करते आणि शेवटपर्यंत टिकायचं, एवढाच खेळ. पहिल्याच डावात पाच मिनिटांत अण्णा मेला. फोन खाली ठेवून तो पोट धरून हसला.

"एवढी वर्षं खरी रायफल हातात हाय माझ्या," तो म्हणाला, "आणि मला कुठल्या तरी शाळंतल्या पोरानं उडवलं रं!"

"तू उभा राहून बघत व्हतास अण्णा. गेममध्ये पळायचं असतंय."

"खऱ्यात पळत न्हाईत. खऱ्यात बसत्यात. आमच्या ड्युटीचा गेम केला तर कोण खेळंल? चार तास एकाच दगडाकडं बघायचं."

हे मला पुढं खूप वेळा आठवलं. मजा कशात आहे याचं उत्तर कदाचित त्यातच आहे. गेममध्ये वाट बघणं नसतं. शत्रू जवळ आला की त्याची पावलं कानात वाजतात, डाव्या कानात वाजली तर तो डावीकडंच असतो. नकाशावर आपले तिघं कुठं आहेत ते दिसतं. आणि कोपऱ्यात चार हिरव्या पट्ट्या असतात, एकेका माणसाच्या जिवाची एकेक. कुणाला लागलं की पट्टी कमी होते. कुणी पडला तरी लगेच मरत नाही, जवळ जाऊन काही सेकंद बसलं की त्याला उचलता येतं. आपला माणूस कसा आहे हे सतत डोळ्यांसमोर असणं, यात फार मोठं सुख आहे. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तेव्हा मला एवढंच कळत होतं की तिथं माझं कुणीतरी ऐकतं. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं. उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही. वाक्य मनात जुळवेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलेलं असतं. गेममध्ये मात्र मी "टेकडीवरनं दोघं येत्यात" म्हटलं की तिघंही वळायची. माझा आवाज मोठा आहे हे मला तिथंच समजलं.

अण्णा पुढं चांगला खेळायला लागला, पण त्याची रीत वेगळी. जिंकत आलेला डाव सोडून तो पडलेल्याला उचलायला मागं यायचा. मित्र चिडायचा. अण्णा म्हणायचा, "चौघं गेलोय तर चौघं येऊ. न्हायतर मजा न्हाय."

मी घरी असलो की आई शेजारी बसलेली असायची, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. अण्णा पुन्हा नोकरीवर गेला तरी नेटवर्क असलं की तो तिकडून खेळायला यायचा आणि माझ्या फोनवर त्याचं नाव हिरवं व्हायचं. आईला वाचता येत नाही, पण यादीतली त्याची जागा आणि हिरवा रंग तिनं ओळखून ठेवला होता.

"अण्णा हाय का रं आत?" ती विचारायची.

आत असला की तिचे हात भरभर चालायचे. एकदा गेममध्ये अण्णा गोळी लागून पडला, तर तिनं सूप बाजूला सारलं. "आरं उचल की त्याला! बंदुका काय गोळा करत बसलाईस?"

आता माझी चूक सांगतो. अण्णाची बदली अशा जागी झाली की तिथं इंटरनेट नव्हतं, फोनच काय तो अधूनमधून लागायचा. आयडी, म्हणजे गेममधलं आपलं खातं, फार दिवस पडून राहिली की तिची लेवल घसरते. जाताना तो म्हणाला, "माझी आयडी थंड पडू देऊ नको." आमच्यात असं चालतं. कुणी गावी गेला, कुणाचा फोन फुटला, की त्याची आयडी दुसरा चालू ठेवतो. मला माझीच आयडी खेळायची असायची, म्हणून मी अण्णाचा पासवर्ड मित्राला देऊन टाकला. हे आईला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तापलं. परीक्षेआधीच्या सुट्टीसाठी मी निपाणीला आलो होतो. अण्णाचा फोन लागेना. टीव्हीवर एक माणूस ओरडून नकाशा दाखवत होता आणि त्या नकाशात अण्णा कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी खेळणं बंद केलं. धमाक्यांच्या आवाजात मजा घेतली याची लाज वाटायला लागली. आईनं साखर सोडली. अण्णाची खुशाली कळेपर्यंत बिनसाखरेचा चहा, असं तिनं देवापुढं बोलून ठेवलं.

पण ती मला रोज म्हणायची, "एकदा उघडून बघ तरी. आत आला असंल." मी उघडायचो. नाव करडं असायचं. मी मान हलवायचो.

अकराव्या दिवशी दुपारी जेवताना उघडलं, तर अण्णाचं नाव हिरवं.

मी काही म्हणायच्या आधीच आईनं पाहिलं. "हिरवं झालंय! आला गं बाई, आला!" ताटावरून उठून ती तशीच बाहेर पळाली. मीही हिरवं बघून सगळं विसरलो होतो. मी घाईनं आवाज चालू केला आणि म्हणालो, "अण्णा?"

"येनले! अण्णा अल्ल, नानु!" पलीकडून मित्र हसत होता. अण्णा नाही, मी आहे, म्हणत होता. "अभ्यास करून डोकं उठलं. म्हटलं, तुझ्या अण्णाची आयडी थंड पडंल."

मी ताट बाजूला सारलं. मी बाहेर आलो तर आई साखरेचा डबा घेऊन घरोघर चिमूट चिमूट वाटत होती. परत आली आणि तिनं स्वतःसाठी चहा केला. दोन चमचे साखर घातली. अकरा दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला होता, आणि माझ्याच्यानं बोलवेना. त्या दिवशी मी गप्प बसलो. अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून एकच पान बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं. आईनं सुपातलं पान घेतलं, कात्रीनं कापलं आणि तसंच हातात धरून बसली.

"म्हंजे त्यो न्हवता."

"न्हाय."

"आणि तू काल दिवसभर गप बसलास."

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल."

ज्या ज्या घरी साखर वाटली होती, त्या प्रत्येक घरी ती गेली. मी मागं. दारात उभी राहून सांगायची, "काल म्या सांगितलं त्ये खरं न्हाय. त्यो माझा पोरगा न्हवता. ह्याचा दोस्त व्हता." बायका माझ्याकडं बघायच्या. जमिनीनं मला पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं. शेवटचं घर आईबरोबर विड्या वळणाऱ्या एका मावशीचं. तिनं सगळं ऐकलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "म्हंजे आता कालची साखर परत करायची व्हय गं? म्या तर खाऊन बसली."

आई हसली. नको नको म्हणत हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मावशीनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "लई शाणा! कालेजात ह्येच शिकिवत्यात?" तो धपाटा बसला तेव्हा कुठं मला नीट श्वास घेता आला.

संध्याकाळी आईनंच विषय काढला. चहा पुन्हा बिनसाखरेचा झाला होता.

"त्या गोकाकच्या पोराला सांग, चालू ठेव म्हणावं. अण्णा आल्यावर इचारंल, थंड का पडू दिली म्हणून."

मी मित्राला कळवलं. तो घाबरत म्हणाला, "आई बैतात काय?" शिव्या देत नाहीत, म्हटलं. मग आम्ही एक डाव खेळलो, माझी आयडी आणि अण्णाची. आई शेजारी विड्या वळत होती. आत कोण आहे हे आता तिला ठाऊक होतं, तरी अण्णाची पट्टी कमी झाली की तिचा हात थांबायचा. मित्र नदीकाठी पडला. जिंकायला फक्त एक टोळी उरली होती. मी मागं फिरलो, त्याच्याजवळ बसलो, आणि त्याला उचलत असतानाच आम्ही दोघंही मेलो. लाज वाटली नाही. कितीतरी दिवसांनी खेळून बरं वाटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा बटणांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. आईचे हात तंबाखूनं भरलेले, म्हणून मी उचलला आणि फोनचा आवाज मोठा केला. आधी नुसती खरखर ऐकू आली, वाऱ्यासारखी.

"मी हाय रं," अण्णा म्हणाला. "दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतोय, एकच मिनिट हाय. आईला सांग, वरच्या चौकीवर चौघं व्हतो. चौघं बी खाली आलोय."